आबांचं ‘व्हय’

माझे वडील, आबा, इंजिन ड्रायव्हर होते. कोळशाच्या इंजिनावर फायरमन म्हणून सुरुवात, मग डिझेल. रिटायर झाल्यावर रेल्वेचं क्वार्टर सोडावं लागलं, तेव्हा त्यांनी दौंडातच रुळांच्या पलीकडं दोन खोल्या बांधल्या. गावाकडं, मांडवगण फराट्याजवळ, थोडं रान होतं. ते त्यांनी भावाला कसायला दिलं होतं. “तिकडं शिट्टी ऐकू येत न्हाई,” म्हणायचे, “झोप लागायची न्हाई मला.”

त्या घरात वर्षभरही धड राहणं झालं नसेल, एका सकाळी दाढी करता करता वस्तरा त्यांच्या हातातून खाली पडला आणि पाठोपाठ ते पडले. उजवी बाजू गेली आणि वाचाही. पुण्याला नेलं. परत आणल्यावर ते दिवसभर खाटेवर पडून छताकडं बघायचे. मग एकदा आई त्यांना पेज भरवत असताना त्यांच्या तोंडून शब्द आला. “व्हय.” आईच्या हातातली वाटी सांडली. ती रडत बाहेर आली आणि शेजारणीला ओरडून सांगायला लागली, बोलले, बोलले.

पण तेवढाच एक शब्द राहिला होता. पाणी पाहिजे का? व्हय. उठून बसता का? व्हय. खिडकी लावू का? व्हय. आणि खिडकी लावली की डोळे वटारून तेच, व्हय, व्हय, व्हय. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. त्यांना सगळं समजतं. आत सगळे शब्द आहेत, बाहेर येताना मात्र हा एकच सापडतो. होकार असो, नकार असो, राग असो, बाहेर पडणार हेच.

मी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांची असेन. एका टायपिंग क्लासमध्ये शिकवायचे, संध्याकाळी रुळांवरचा पूल ओलांडून घरी यायचे. आई आणि मी हळूहळू आबांचा डावा हात वाचायला शिकलो. हात छातीवर आला की खरं व्हय. खाटेची लोखंडी कड मुठीत धरली की न्हाई. एवढं कळल्यावर घर चालायला लागलं. आई येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगायची, “त्वांडाकडं नका बघू त्यांच्या, हाताकडं बघा.”

त्याच सुमारास आमच्या ख्रिस्ती मंडळीत नवे पाळक आले. तरुण, चष्मा लावणारे, कुठल्याशा शहरात शिक्षण घेऊन आलेले. त्यांनी पहिल्याच महिन्यात सांगितलं की नुसतं रविवारी बाकावर बसून मंडळी वाढत नसते. घराघरांत छोटे गट पाहिजेत. आठ-दहा घरांचा एक गट, त्याला एक प्रमुख, प्रमुखाच्या हाताखाली शिकणारा एक उपप्रमुख. आठवड्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमायचं, बायबलचं वचन वाचायचं, मन मोकळं करायचं, एकमेकांसाठी प्रार्थना करायची. गट भरला की त्याचे दोन करायचे. प्रत्येक बैठकीत एक खुर्ची रिकामी ठेवायची, जो अजून आला नाही त्याच्यासाठी. लोकांना हे फार आवडलं. रेल्वे कॉलनीचा एक गट झाला, बाजारपेठेचा एक, भांडगावच्या बाजूला राहणाऱ्यांचा एक. रुळांपलीकडच्या आम्हा लोकांचा झाला द्राक्षवेल गट.

द्राक्षवेल गटाचा प्रमुख म्हणून पाळकांनी ज्याला नेमलं तो माणूस एके काळी आबांचा असिस्टंट होता.

ही गोष्ट मी लहान असतानाची. तो एकदा दारू पिऊन ड्युटीवर आला. आबांनी त्याला इंजिनावर चढू दिलं नाही आणि वर कळवलं. त्याला सस्पेंड केलं, नंतर कामावर घेतलं, पण त्याचं प्रमोशन कितीतरी वर्षं अडलं. त्यावेळचे मंडळीचे पंच आमच्या क्वार्टरवर आले होते. आपल्याच मंडळीतला मुलगा आहे, बायको पोटुशी आहे, तक्रार मागं घ्या. आबा म्हणाले होते, “इंजिनामागं मंडळी नसती, पाशिंजर असत्यात.” पंचांनी चहा न पिता कप खाली ठेवले. तेव्हापासून आबा फक्त नाताळला देवळात, म्हणजे चर्चमध्ये, जायचे आणि शेवटच्या बाकावर बसायचे.

त्या माणसानं पुढं दारू सोडली, हे खरं आहे. एकदम सोडली, परत कधी शिवला नाही. गळा गोड होता, वचनं तोंडपाठ होती. देवळातल्या बायका त्याच्याकडं बोट दाखवून आपल्या नवऱ्यांना सांगायच्या, बघा, माणूस बदलतो तो असा.

तो पहिल्यांदा आमच्याकडं आला तेव्हा पाळकही बरोबर होते. पाळक म्हणाले, “आजारी माणसाच्या घरात गट जमला तर त्याहून मोठी सेवा कुठली?” आई हरखून गेली. आबांच्या त्या जुन्या भांडणामुळं आमच्याकडं मंडळीतलं कुणी फिरकत नसे. आजारपणातही दोघी-तिघी येऊन गेल्या तेवढ्याच. तिनं लगेच हो म्हटलं. मी आबांच्या हाताकडं बघितलं. त्यांनी खाटेची कड धरली होती. मी आईला सांगितलं तर ती म्हणाली, “आगं, त्यांनी कवा कुणाला घरात या म्हटलंय? माझ्याशी चार शब्द बोलायला कुणी येतंय तर येऊ दे.”

तिचंही खरं होतं. दिवसभर एका शब्दाच्या माणसाजवळ बसून राहायची ती.

मग दर गुरुवारी संध्याकाळी गट यायला लागला. आमच्याकडं खुर्च्या मोजक्याच. त्यातली एक रिकामी ठेवायची, म्हणून म्हाताऱ्या बायका जमिनीवर बसायच्या. आबांची खाट भिंतीजवळून ओढून मधोमध आणली जायची. गाणी व्हायची, वचन व्हायचं, आणि मग गटप्रमुख आबांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायचा.

पहिल्या एक-दोन वेळा साधीच प्रार्थना होती. बरं कर, उभं कर. मग ती वाढत गेली. “हे स्वर्गीय बापा, हे तुझं लेकरू ताठ मानेनं चालत होतं. तू त्याला वाकवलंस, तुझी स्तुती असो. ज्या जिभेनं त्यानं दुसऱ्याच्या घरची चूल विझवली, ती जीभ तू बांधलीस. तुझा न्याय खरा आहे.” सगळे म्हणायचे, आमेन. आबा खालून त्याच्याकडं बघत राहायचे आणि म्हणायचे, व्हय, व्हय, व्हय. त्यांच्या मानेच्या शिरा फुगायच्या. बायका डोळे पुसायच्या. कुणीतरी हळूच म्हणायचं, “बघा, आत्मा काम करतोय.”

पूर्वी तो आबांना साहेब म्हणायचा. आता भाऊ म्हणायला लागला. “काय भाऊ, झोप लागली का?” असं म्हणून गालावर हलकी चापट मारायचा, लहान पोराला मारतात तशी.

मी पाळकांकडं गेले. म्हणाले, ही प्रार्थना नाही, हे माणसाला तोंडावर बोलणं आहे, आणि ज्याला बोलता येत नाही त्याला. पाळकांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, “ताई, तुमच्या मनात राग आहे. तुमचा गट सगळ्यात चांगला चाललाय, माहीत आहे ना? बाहेरची माणसं यायला लागलीत. जिथं प्रभू काम करतो तिथं सैतान आधी घरातल्याच माणसाला हाताशी धरतो.” मी घरी आले. त्या गुरुवारी मी क्लासवरून मुद्दाम उशिरा निघाले, पुलावर उभी राहून इंजिन बदलताना बघत बसले. घरी जावंसं वाटत नव्हतं.

पण ज्या गुरुवारी ते घडलं, त्या गुरुवारी मी घरी होते.

घर गच्च भरलं होतं. रेल्वे कॉलनीच्या गटातलेही काही आले होते, आमचा गट कसा चालतो ते शिकायला. पाळक दारात उभे होते. वचन होतं पाप एकमेकांपाशी कबूल करण्याबद्दल. एका बाईनं सासूशी भांडल्याचं सांगितलं, एकानं तंबाखूचं सांगितलं. मग गटप्रमुख खाटेच्या कडेला बसला. आबांचा डावा हात कडेकडं चाललेला मी बघितला. त्यानं तो मधेच पकडला आणि आपल्या दोन्ही हातांत घेतला. प्रेमानं धरावा तसा. आई त्याला कितीदा तरी म्हणाली होती, हाताकडं बघा म्हणून.

“भाऊ,” तो म्हणाला, “आज प्रभूसमोर आणि या सगळ्यांसमोर मोकळे व्हा. तुमचा जीव गर्विष्ठ होता, कबूल आहे?”

“व्हय.”

“तुम्ही माझं वाईट चिंतलं?”

“व्हय.” आबा हात सोडवत होते. त्यांचा खांदा हलत होता.

“त्या दिवशी मी दारू प्यालो नव्हतो. तुम्ही माझ्यावर खोटा आळ घेतलात. कबूल आहे, भाऊ?”

“व्हय! व्हय! व्हय!”

आबांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. एकच गलका झाला. हालेलुया, स्तुती असो. कुणी गुडघे टेकले, कुणी टाळ्या वाजवल्या. गटप्रमुखही रडत होता, खरोखरच रडत होता. त्यानं वाकून आबांच्या कपाळाचा मुका घेतला आणि म्हणाला, “मी तुम्हाला क्षमा केली.”

मी ओरडले, “त्यांना नाही म्हणायचंय! हात सोडा त्यांचा, हात सोडा!” माझ्या शेजारच्या बाईनं मला मिठीत घट्ट धरलं. “रड, बाई, रड,” ती म्हणाली, “बाप सुटला तुझा.”

सगळे गेल्यावर आबांच्या मनगटावर बोटांचे वळ होते. आईनं खोबरेल तेल लावलं. आबा भिंतीकडं तोंड करून पडले होते. त्यांनी त्या दिवशी जेवणाला तोंड लावलं नाही.

रविवारी देवळात गटप्रमुखानं साक्ष दिली. मी आणि आई दोघी होतो. इतकी वर्षं मी डोक्यावर डाग घेऊन फिरलो, तो म्हणाला, आज प्रभूनं तो माझ्या शत्रूच्याच तोंडून धुतला. पाळक म्हणाले, छोट्या गटाचं सामर्थ्य ते हे, जे इतक्या वर्षांत वेदीवरून झालं नाही ते एका घरात झालं. बाहेर पडताना लोक आईशी हात मिळवत होते. आई सगळ्यांना सलाम करत होती. मला तिचा इतका संताप आला की मी घरी येईपर्यंत तिच्या पुढं पुढं चालत आले.

पुढच्या गुरुवारी गट परत आला. घर पुन्हा भरलेलं. गाणी झाली, प्रार्थना झाली. आई स्वयंपाकघरातून चहाचं ताट घेऊन आली, पण तिनं ते कुणापुढं धरलं नाही. टेबलावर ठेवलं, पदराला हात पुसले आणि खाटेपाशी येऊन उभी राहिली. तिचा आवाज अगदी नेहमीचा होता.

“मलाबी एक इचारायचंय,” ती म्हणाली. “आवो, हे समोर बसलेत ते त्या दिवशी दारू पिऊन ड्युटीवर आलते का?”

“व्हय,” आबा म्हणाले. आणि त्यांचा डावा हात उठून छातीवर आला.

गटप्रमुखाचा चेहरा आधी लाल झाला, मग तो हसला. “वहिनी, आजारी माणूस आहे. त्यांना काय कळतंय.”

“आस्सं?” आई म्हणाली. “मंग मागल्या गुरुवारचं व्हय खरं, आन् आजचं खोटं, व्हय?”

चहा तसाच राहिला, त्यावर साय धरली. एकेक जण उठला. गटप्रमुख शेवटी उठला. पायात चपला घालताना तो माझ्याकडं न बघता म्हणाला, “ज्या घरानं प्रभूला आत घेतलं नाही, त्या घराची धूळसुद्धा पायाला राहू देऊ नये म्हणतात.” आणि त्यानं उंबऱ्यावर चपला झटकल्या.

त्यानंतर द्राक्षवेल गट दुसऱ्या घरी भरायला लागला, आमच्या घरापासून तिसरं घर. गुरुवारी संध्याकाळी त्यांची गाणी आम्हाला ऐकू यायची. गाणी सुरू झाली की आबा खाटेची कड धरायचे. मी खिडकी लावायचे, तरी ऐकू यायचंच.

आई जिथं जाईल तिथं बायका गप्प व्हायच्या. नळावर, दुकानात, देवळात. तिच्या बाकावर कुणी बसेनासं झालं. जी बाई मला मिठीत धरून बाप सुटला म्हणाली होती, ती रस्त्यात दिसली की पलीकडच्या बाजूनं जायची. एकदा आईनंच तिला गाठून विचारलं, माझं काय चुकलं? ती म्हणाली, “चुकलं कुठं म्हणतीया मी? पण सोन्यासारखा गट व्हता, तुमी नासवला.” आई घरी येऊन मला म्हणाली, “मी खोटं तर बोलले न्हाई. बोललेच न्हाई मी काही, इचारलं फक्त.” त्यानंतर ती देवळात गेली नाही.

पण गट नासला नव्हता. वर्षभरात त्याचे दोन झाले, पुढं चार. पाळकांना दुसऱ्या गावांहून बोलावणी यायला लागली, गट कसे बांधावेत ते शिकवायला.

आबा त्यानंतरच्या हिवाळ्यात गेले. दफन तर मंडळीच्याच कबरस्तानात करायचं होतं. पाळक आले, आणि त्यांच्याबरोबर गटप्रमुखही आला. मी पाळकांना बाजूला घेऊन म्हटलं, त्याला बोलू देऊ नका. पाळक म्हणाले, “ताई, आजच्या दिवशी तरी.” कबरीपाशी त्यानं प्रार्थना केली. आवाज भरून आला होता त्याचा. “आमच्या या भावानं डोळे मिटण्याआधी आपलं पाप कबूल केलं, प्रभू, आम्ही सगळे साक्षी आहोत.” आईनं मूठभर माती उचलली होती. ती तशीच हातात धरून ती त्याचं बोलणं संपेपर्यंत उभी राहिली. संपल्यावर तिनं माती टाकली. माणसं आमेन म्हणाली.

मी पुढं लग्न करून शिरूरला गेले. तिथल्या एका शाळेत नोकरी लागली. दौंडच्या खोल्या विकून आईला माझ्याकडं आणलं. शिरूरच्या मंडळीत मला कुणी ओळखत नव्हतं, ते बरंच वाटायचं. दोन हजार सालानंतरची गोष्ट, तिथंही गट सुरू करायचं ठरलं आणि शनिवारी एक दिवसाचं शिबिर ठेवलं. शाळेतल्या मैत्रिणीनं आग्रह केला म्हणून मी गेले.

शिकवायला आलेला मुलगा पंचविशीचा असेल, बाहेरगावचा, चांगला बोलणारा. गट यशस्वी कशानं होतो ते तो सांगत होता. घर पाहिजे, तयार प्रमुख पाहिजे, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मन मोकळं करण्याची हिंमत पाहिजे. “एक उदाहरण देतो,” तो म्हणाला. “एक इंजिन ड्रायव्हर होता. अतिशय गर्विष्ठ. एका गरीब सहकाऱ्यावर त्यानं खोटा आळ घेतला. देवानं त्याची वाचा नेली. कित्येक वर्षं तो मुका होता. मग त्याच सहकाऱ्यानं त्याच्या घरी गट सुरू केला, त्याचे पाय धुतले, आणि एके दिवशी त्याची वाचा परत आली. पहिले शब्द काय होते माहीत आहे? होय, मी पाप केलं.”

सगळ्या खोलीनं श्वास सोडला. मी उठून उभी राहिले. म्हणाले, “तो ड्रायव्हर माझे वडील.”

त्या मुलाचा चेहरा आनंदानं उजळला. “पुढं या, ताई! प्रभूची योजना बघा!” त्यानं माझ्या हातात माईक दिला.

मी सगळं सांगितलं. दारूचं, हाताचं, आईच्या प्रश्नाचं, कबरीचं. आवाज चढवला नाही. वर्गात सांगते तसं एकामागून एक सांगितलं. संपलं तेव्हा सगळे माझ्याकडंच बघत होते. मला वाटलं, पोचलं.

त्या मुलानं माझ्या हातातून माईक हळूच काढून घेतला. त्याचे डोळे ओले होते. “किती वर्षं ही बहीण एवढी कटुता पोटात घेऊन जगली,” तो म्हणाला. “आज तिनं ती आपल्यापुढं मोकळी केली. चला, जवळ या, तिच्यासाठी प्रार्थना करू.” आणि ते आले. बायका, पुरुष, माझी मैत्रीण. माझ्या डोक्यावर, खांद्यांवर, पाठीवर हात पडले. मी म्हणाले, नको. नीट, मोठ्यानं म्हणाले, नको, बाजूला व्हा. प्रार्थना इतक्या जोरात चालली होती की माझ्याशिवाय ते कुणी ऐकलं नाही. दोन हात माझा खांदा खाली दाबत होते, मी गुडघे टेकावेत म्हणून. मी टेकले नाहीत. पण त्यांची प्रार्थना संपेपर्यंत मला तिथून हलता आलं नाही.

नंतर जेवण होतं. मी न जेवता निघाले.

घरी आई ओट्यापाशी मेथी निवडत बसली होती. तिला सांगावं की नाही, मी रस्ताभर विचार करत आले होते. सांगितलं. ती ऐकत होती, हात थांबले नव्हते.

“आन् तो?” तिनं विचारलं. “जिता हाय का?”

“मागंच गेला म्हणे. शिबिरात कुणीतरी सांगत होतं.”

“जाताना बोलता येत व्हतं त्याला?”

“शेवटपर्यंत प्रार्थना म्हणत होता म्हणतात. शुद्धीत होता.”

आईनं एक जुडी पुढं ओढली. मग म्हणाली, “मी लई मागणं केलं व्हतं देवापाशी. निदान मरताना तरी त्याची वाचा बंद व्हावी म्हणून.” तिनं देठांचा ढीग बाजूला सारला. “न्हाई ऐकलं.”